गळती काढणाऱ्यांचं नाव: ठाण्यातल्या एका डोमेनचं प्रकरण

ऑक्टोबर २०२४. पाऊस परतला होता आणि नौपाड्यातल्या त्या तळमजल्यावरच्या ऑफिसात फोन जरा शांत झाले होते. गळती काढण्याच्या धंद्यात निवांत बोलायला सवड मिळते ती याच दिवसांत. जुलैत लोक घाबरून फोन करतात, पण तेव्हा गच्चीला हात लावता येत नाही. खरं काम दिवाळीनंतर, सगळं सुकल्यावर सुरू होतं आणि मेअखेर उरकावं लागतं.

टेबलाभोवती आम्ही चौघं होतो. सव्वीस वर्षं हे काम करणारे काका, कोटेशनं आणि हिशेब सांभाळणारी त्यांची सून, नवी मुंबईतली कामं बघणारा त्यांचा भाचा, आणि लहान व्यवसायांच्या वेबसाइट करणारी मी. कुटुंबाचं आणि व्यवसायाचं नाव न छापण्याच्या अटीवर त्यांनी हे लिहायला परवानगी दिली आहे. बाकी घडलं तसं सांगते.

भाच्याकडे एक व्हॉट्सॲप मेसेज आला होता. ‘ठाणे’ आणि ‘वॉटरप्रूफिंग’ हे दोन शब्द जोडून होणारं डॉट कॉम डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, विकायला आहे, किंमत ₹६०,०००, दिवाळीपर्यंत कळवा.

“मामा, लोक शोधतात तेच शब्द नावात आहेत,” भाचा म्हणाला. “गूगलला वेगळं काही सांगायलाच नको.”

“साठ हजारांत माल किती येतो ठाऊक आहे का?” काकांनी विचारलं आणि माझ्याकडे बघितलं.

भाच्याचं म्हणणं मी उडवून लावलं नाही, कारण त्याच्याकडे पुरावा होता. त्यानं आमच्यासमोर ‘वॉटरप्रूफिंग ठाणे वेस्ट’ टाइप केलं. पहिल्या पानावर तीन स्पर्धक असे होते, ज्यांच्या डोमेनमध्येच गावाचं आणि कामाचं नाव होतं. तो रोज हेच बघत होता आणि त्यावरून त्यानं जो निष्कर्ष काढला, तो कुणीही काढला असता. २०११ मध्ये मी स्वतः डोंबिवलीतल्या एका क्लासला असंच डोमेन घ्यायला लावलं होतं. इयत्ता, विषय, गाव, सगळं नावात. वर्षभर ते उत्तम चाललं. पुढे क्लासनं विज्ञान आणि भाषा सुरू केल्या, आणि नाव मात्र दहावीच्या गणिताला चिकटून बसलं. तो सल्ला माझा होता आणि त्याचा खर्च सरांनी भरला, हे मी विसरलेले नाही.

तेव्हा असं डोमेन चालायचं, त्याला कारण होतं. दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंकवर जे शब्द लिहिलेले असतात, त्यांना गूगल महत्त्व देतं. तुमचं नावच ‘अमुक गाव तमुक काम’ असेल तर जो कुणी नुसतं तुमचं नाव लिहून लिंक देईल, तो नकळत त्या शोधशब्दांची शिफारस करत असतो. या सोयीचा इतका गैरवापर झाला की २८ सप्टेंबर २०१२ रोजी गूगलच्या मॅट कट्स यांनी जाहीर केलं: शोधशब्दांशी तंतोतंत जुळणारं डोमेन आहे पण आत दर्जा नाही, अशा साइट्स निकालांत कमी दिसतील. अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी ०.६ टक्क्यांवर परिणाम होईल असा त्यांचा आकडा होता. आज गूगलच्या नवशिक्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत सरळ लिहिलं आहे की डोमेनमधल्या शोधशब्दांचा क्रमवारीवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. व्यवसायाला योग्य वाटेल ते नाव घ्या.

मग ते तिघं वर कसे? आम्ही एकेक साइट उघडली. एकाकडे कामाआधीचे आणि नंतरचे शेकड्यांनी फोटो होते, सोसायटीनिहाय. दुसऱ्याची साइट बारा-तेरा वर्षं जुनी. तिसऱ्याकडे प्रत्येक भागाचं वेगळं पान, खाली ग्राहकांच्या प्रतिक्रिया. नावाचा त्यांना काहीच उपयोग झाला नसेल असं मी म्हणणार नाही; जुन्या काळात झालाही असेल. पण ती जुनी वर्षं साठ हजारांत मिळत नाहीत. विकायला असलेल्या डोमेनवर ‘हे नाव विक्रीस आहे’ एवढं एकच पान होतं.

शिवाय साइट्सच्या वर नकाशा होता. ‘जवळचा वॉटरप्रूफिंगवाला’ शोधणाऱ्याला आधी नकाशातली नावं दिसतात. तिथली क्रमवारी गूगल तीन गोष्टींवर ठरवतं: शोधाशी जुळणारं काम, अंतर आणि किती माणसं तुम्हाला ओळखतात. भाच्यानं पूर्वीच नकाशातल्या नोंदीत व्यवसायाच्या नावामागे ‘बेस्ट’, ‘ठाणे’, ‘नवी मुंबई’ असं बरंच काही जोडून ठेवलं होतं. ते मी त्याच दिवशी काढायला लावलं. दुकानाच्या पाटीवर आणि बिलावर जे नाव आहे तेच तिथे हवं हा नियम आहे, आणि तो मोडला तर नोंद बंद होऊ शकते. मे महिन्यात नोंद बंद पडली तर या धंद्याचं वर्ष गेलं.

इथपर्यंतचं बोलणं शोधाबद्दल होतं. निर्णय मात्र दुसऱ्याच गोष्टीवर फिरला, आणि ती सूनबाईंनी काढली.

“बाबा, कोलशेतच्या सोसायटीचं सांगू का?” त्यांनी विचारलं. काका गप्प राहिले, म्हणजे सांग.

त्या वर्षी मार्चमध्ये कोलशेत रोडवरच्या एका सोसायटीनं गच्चीच्या कामासाठी तीन कोटेशनं मागवली होती. काकांच्या पाटीवरचं तेव्हाचं नावही तसंच होतं: गावाचं नाव, कामाचं नाव, शेवटी ‘सर्व्हिसेस’. कमिटीच्या टेबलावर तीन लेटरहेड आले, तिन्हींवर ‘ठाणे’ आणि तिन्हींवर ‘वॉटरप्रूफिंग’, शब्दांचा क्रम तेवढा वेगळा. काकांचं कोटेशन पास झालं. चेअरमननी स्वतः येऊन गच्ची दाखवली होती, काकांनी जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, कुठे पोकळ झालाय ते ठोकून आवाज ऐकवला होता, आणि कामानंतर गच्चीत पाणी तुंबवून दाखवू असं लिहून दिलं होतं. सेक्रेटरींनी फोन करायला नंबर शोधला, नाव टाइप केलं, आणि पहिल्या आलेल्या नंबरवर फोन लावला. तो दुसऱ्या ठेकेदाराचा होता. त्यानं ‘हो, हो, आम्हीच’ म्हणून आगाऊ रक्कम घेतली आणि काम सुरू केलं. काकांना कळलं ते गच्चीवर दुसऱ्याचे मजूर दिसल्यावर.

“त्या माणसावर मी काय राग काढू?” काका म्हणाले. “सेक्रेटरींनी मुद्दाम केलं नाही. नाव सारखं आहे, त्यांचा काय दोष?”

हे ऐकल्यावर मी वहीत एक रेघ मारली आणि दोन रकाने केले. ग्राहक तुम्हाला शोधतो ते दोनदा. पहिल्यांदा त्याला तुमचं नाव माहीत नसतं; छतातून पाणी पडतंय एवढंच माहीत असतं. तेव्हा तो काम शोधतो, आणि त्याला ‘बाथरूम गळती’, ‘टेरेस वॉटरप्रूफिंग’ हे शब्द साइटवर कुठेतरी सापडले की पुरतं. दुसऱ्यांदा तो तुम्हालाच शोधतो. शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून, कमिटीनं ठराव केला म्हणून, किंवा सहा वर्षांपूर्वीचं काम पुन्हा ओलं दिसायला लागलं म्हणून.

या धंद्यात दुसरा शोध फार जड आहे. गळतीच्या कामाची गॅरंटी पाच, सात, कधी दहा वर्षांची देतात. तेवढ्या काळात सेक्रेटरी दोनदा बदलतात, गॅरंटीचा कागद कुठल्याशा फायलीत जातो, फोन नंबर बदलतो. उरतं ते लोकांच्या डोक्यातलं नाव. काका एकाही जुन्या ग्राहकाला टाळत नाहीत. गॅरंटी संपलेल्या कामावरही ते स्वतः जाऊन भेग बघतात. पण ‘ठाणे वॉटरप्रूफिंग का असंच काहीतरी होतं’ एवढंच आठवणारा माणूस त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. सव्वीस वर्षांचा प्रामाणिकपणा अशा नावाखाली साठत होता, जे नाव कुणाचंही असू शकतं. मला हे फार लागलं.

भाच्याला वेगळी अडचण होती, आणि ती त्यानंच बोलून दाखवली. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, नेरूळ इथून चौकशी येते तेव्हा पहिला प्रश्न असतो, “तुम्ही ठाण्याचे ना? इकडे येता का?” कळवा-विटाव्यावरून ऐरोली किती लांब? नौपाड्यातून घोडबंदरच्या टोकाला जायला त्याहून जास्त वेळ लागतो. पण नवी मुंबईला १९९२ पासून स्वतःची महानगरपालिका आहे, आणि तिथल्या माणसाच्या मनात ठाणे हे वेगळं शहर आहे. नावात गाव घातलं की पुलापलीकडचा माणूस परका होतो. झोमॅटोही आधी ‘फूडीबे’ होतं. पुढे फक्त खाण्यापुरतंच राहायचं का हे ठरलं नव्हतं, आणि नावाच्या शेवटी ‘ईबे’ येत होतं, म्हणून २०१० मध्ये त्यांनी नाव बदललं. मोठ्यांना बदलणं परवडतं. काकांच्या टेम्पोपासून गॅरंटीच्या कागदापर्यंत सगळं पुन्हा छापायचं तर ते एकदाच करायला हवं होतं.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण सूनबाईंनी तीही विचारली. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याच्या नवव्या कलमानुसार जे नाव फक्त मालाचा किंवा सेवेचा प्रकार, दर्जा किंवा ठिकाण सांगतं, त्याची नोंदणी सहसा मिळत नाही. दीर्घ वापरानं त्याला स्वतःची ओळख मिळाली आहे हे दाखवावं लागतं. गाव अधिक काम म्हणजे नेमकं हेच. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शादी डॉट कॉमच्या चालकांना ‘सेकंड शादी’ या डोमेनविरुद्ध अंतरिम मनाई दिली नाही, कारण शादी हा सगळ्यांच्या तोंडचा शब्द आहे. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर कोलशेतच्या प्रकरणात काकांनी कुणाकडे दाद मागायची? याउलट वेगळं नाव असेल तर बांधकाम आणि दुरुस्तीच्या ३७ व्या वर्गात व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ₹४,५०० भरून ऑनलाइन अर्ज करता येतो, आणि नोंदणी मिळाली की ती दहा वर्षं चालते. डोमेनलाही ट्रेड मार्कसारखं संरक्षण मिळू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात मान्य केलं आहे. पण नावात वेगळेपण असलं तर.

तेव्हा साठ हजारांचं डोमेन घ्यायचं नाही, हे तासाभरात ठरलं. खरे कष्ट पुढे होते.

नाव मराठी हवं, असा काकांचा हट्ट होता. मलाही ते मनापासून पटलं. पण मराठी नाव रोमन अक्षरांत लिहायचं म्हणजे वेगळीच कसरत. आपले ळ, ठ, थ, ण तिथे हरवतात, आणि व कुणी व्ही लिहितं, कुणी डब्ल्यू. म्हणून मी एक चाचणी ठरवली. सूनबाई ओळखीच्या माणसांना फोन करून नाव एकदाच सांगतील, स्पेलिंग सांगणार नाहीत. समोरच्यानं ते टाइप करून परत पाठवायचं. माणसंही निवडून घेतली: दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी, एक गुजराती हार्डवेअरवाले, एक उत्तर भारतीय रंगकाम ठेकेदार, ऐरोलीतल्या एक शिक्षिका, एक वॉचमन. या धंद्यात नाव याच तोंडांतून फिरतं.

सूनबाईंची आवड होती ‘वळचण’. पावसात छपराच्या कडेखाली थांबायची जागा. अर्थ अगदी नेमका. पण चार माणसांनी चार स्पेलिंगं पाठवली, आणि एका फोननं आपण होऊन त्याचं ‘वालचंद’ केलं. वर तरुण शिक्षिकेला शब्दच माहीत नव्हता.

‘इरलं’ मला आवडलं होतं. लावणी करताना डोक्यावरून पाठीवर घ्यायचं ते बांबूचं आणि पानांचं इरलं. रोमनमध्ये ते थेट पार्ल्याचं इर्ला झालं. शोधलं तर कपड्यांची आणि सौंदर्यप्रसाधनांची दुकानं. तिथे आपण कधीच वर येणार नव्हतो.

‘निथळ’ सगळ्यांना सुंदर वाटलं. स्वच्छ, पाणी निथळून गेलेलं. रंगकाम ठेकेदारांनी मात्र वाचून विचारलं, “निठल्ला जैसा कुछ है क्या?” ठाण्यातल्या निम्म्या कमिट्यांत हिंदी बोलणारे लोक आहेत. काम करायला आलेल्या माणसाच्या नावावरून रिकामटेकडा आठवणं बरोबर नव्हे.

‘कोबा’ काकांनी सुचवलं. रोमनमध्ये चार अक्षरं, सगळ्यांनी एकच स्पेलिंग पाठवलं. पण कोबा ही तर कामाची पद्धत. उद्या दुसरा कुणीही ‘ठाणे कोबा’ घेईल आणि आपण पुन्हा कोलशेतला.

भाच्यानं तोवर मनापासून भाग घ्यायला सुरुवात केली होती. तो एक गोष्ट बरोबर बोलला: “नुसतं नाव टेम्पोवर लिहिलं तर लोकांना कळणार कसं, हे करतात काय?” वेगळ्या नावाची ही खरी उणीव आहे आणि ती झाकून चालत नाही. गाव अधिक काम हे नाव पहिल्या क्षणी सगळं सांगतं. वेगळं नाव काहीच सांगत नाही. त्याला अर्थ भरायला वर्षं लागतात आणि तोवर शेजारी कामाचा शब्द उभा करावा लागतो. एका हंगामापुरती, एकाच कामाची साइट असती तर मी भाच्याच्याच बाजूनं बोलले असते.

शेवटी सापडलेलं नाव काकांच्या गावच्या घरातलं आहे, घरच्यांच्या तोंडचा शब्द. रोमनमध्ये सात अक्षरं. ळ नाही, ठ-थ नाही, व नाही. हिंदीत आणि गुजरातीत वाईट अर्थ नाही. चाचणीत एकानंच चुकवलं. ३७ व्या वर्गात त्यासारखी नोंद सापडली नाही. अडचण एवढीच की डॉट कॉम कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं होतं. डॉट इन मोकळं होतं.

काकांना काळजी वाटली की लोक सवयीनं डॉट कॉमच लिहितील. ती रास्त होती. पण भारतातच काम करणाऱ्याला डॉट इननं तोटा नाही. ते देशाचं डोमेन असल्यामुळे ही साइट भारतासाठी आहे हे गूगलला आपोआप समजतं. आम्ही डॉट इन मुख्य ठेवलं. नावापुढे ‘वॉटरप्रूफिंग’ जोडलेलं डॉट कॉमही घेतलं, आणि ते कायमस्वरूपी मुख्य पत्त्याकडे वळवलं. त्यामुळे सूनबाईंना फोनवर कसंही सांगता येतं. देवनागरी नाव डॉट भारतमध्येही घेतलं. २०१४ पासून ते मिळतं, काकांना ते बघून आनंद झाला, आणि तेही मुख्य साइटकडेच जातं. ईमेलसाठी मात्र ते ठेवलं नाही, कारण बरेच फॉर्म असा पत्ता स्वीकारत नाहीत.

तिन्ही मिळून वर्षाचा खर्च विक्रेत्यानं मागितलेल्या रकमेच्या जवळपासही नव्हता. सगळी नोंदणी काकांच्या नावावर, ऑफिसच्या ईमेलवर, पाच वर्षांसाठी. याबद्दल मी हटून बसले. त्यांची आधीची साइट ज्यानं केली, त्यानं डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं. तो फोन उचलेनासा झाला आणि ते नाव मुदत संपून गेलं. तुमच्या दुकानाचा भाडेकरार कुणी रंगाऱ्याच्या नावावर करत नाही, मग डोमेन का?

शोधशब्द आम्ही फेकले नाहीत, ते आतल्या पानांवर नेले. गच्चीचं पान, बाथरूमचं पान, बाहेरच्या भिंतीच्या तड्यांचं पान. घोडबंदरचं वेगळं, ऐरोली-घणसोलीचं वेगळं, आणि प्रत्येक पानावर त्याच भागातल्या कामांचे काकांच्या मोबाइलमधले फोटो, किती दिवस लागले, काय निघालं, हे त्यांच्याच शब्दांत. भाच्याला ऐरोलीच्या घरच्या पत्त्यावर नकाशात दुसरी नोंद करायची होती. तिथे ऑफिस नाही, ग्राहकाला भेटायला माणूस बसत नाही, म्हणून ती केली नाही. त्याऐवजी एकाच नोंदीत सेवा देण्याचे भाग लिहिले. वीसपर्यंत लिहिता येतात. टेम्पोवर वर मोठं नाव, खाली तेवढ्याच ठळक अक्षरांत ‘गच्ची, बाथरूम, भिंत: गळतीचं काम’.

साइट जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. मे महिन्यापर्यंत मला धीर नव्हता, खरं सांगते. घोडबंदरच्या शोधात जुने तीन स्पर्धक वरच होते आणि हे लिहिताना त्यातले दोन अजूनही आहेत. गच्चीच्या पानावर माणसं येत होती, पण हळूहळू. भाचा दर आठवड्याला स्क्रीनशॉट पाठवायचा आणि मी त्याला तीच उत्तरं द्यायचे.

जूनमध्ये सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइट कोणत्या शोधांत दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, लोकांनी टाइप केलेल्या शब्दांच्या यादीत व्यवसायाचं नाव दिसायला लागलं. एकदा नीट स्पेलिंगनं, एकदा एक अक्षर चुकून, एकदा पुढे ‘गळतीवाले’ लावून. तिन्ही वेळा काकांचीच साइट वर. ही माणसं गळती शोधत नव्हती, काकांना शोधत होती. मी तो स्क्रीनशॉट भाच्याला पाठवला. त्यानं उत्तरात काही लिहिलं नाही, फोनच केला.

जुन्या ग्राहकांचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. त्यांच्याकडच्या कागदांवर जुनंच नाव आहे. ‘आमच्याबद्दल’ पानावर ते ठळक लिहून ठेवलंय, जुना फोन नंबर चालू ठेवलाय, आणि सूनबाई २०१८ पासूनच्या सगळ्या गॅरंट्यांची यादी काढून एकेका सोसायटीला नवीन नावाचं पत्र पाठवतायत. सुमारे निम्म्या झाल्या.

दिवाळीनंतरच्या नव्या कामांत काकांनी स्वतःहून एक भर घातली. काम संपलं, पाणी तुंबवून झालं, की गच्चीच्या दाराच्या आतल्या बाजूला, जिना चढून येणाऱ्याला दिसेल अशा उंचीवर, ते तळहाताएवढी ॲल्युमिनियमची पट्टी ठोकतात. वर नाव, डॉट इन, काम झाल्याची तारीख आणि गॅरंटी कुठल्या वर्षापर्यंत ते. पट्टी कोरून घेतलेली आहे. रंगवलेली पावसात टिकत नाही, असं ते म्हणाले.